परमनंटली बंद

काका आणि बाबांचं सलून एकच. खुर्च्या दोन, आणि हट्ट दोन दुकानांना पुरेल एवढा. त्या दिवशी दोघांचं पंख्यावरून वाजलं. काकांना वाऱ्याने शिंका येतात, बाबांना पंख्याशिवाय घाम फुटतो. शेवटी काकांनी कात्री आपटली. "बास! माझी खुर्ची परमनंटली बंद! आत्ता पेंटरकडून पाटी रंगवून आणतो."

काकू गल्ल्यावर बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "नवी कशाला? मागच्या वेळची आहे की कपाटामागे."

मागच्या वेळी दोघांचं रेडिओवरून वाजलं होतं. काकांनी तणतणत त्याच पाटीवरची धूळ पुसली, ती आपल्या खुर्चीला अडकवली आणि पाठ फिरवून पेपर उघडला. बाबांनी गुपचूप पंखा एकवर आणला.

तेवढ्यात शेजारचे शिंपीमामा दाढी करायला आले. ते कायम काकांकडेच बसतात. त्यांनी पाटी नीट वाचली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि विचारलं, "परमनंटली म्हणजे आज साधारण किती वाजेपर्यंत?"

काकांनी पेपराआडून पंख्याकडे पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "एवढी बातमी संपेपर्यंत."