केवळाबाईचं मळलेलं भिंग

टँकरवाल्याशी भांडावं तर केवळाबाईनंच. उदगीरकडच्या त्या गावात विहिरी तळाला गेल्या होत्या, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि ही बाई टँकरवाल्याला तोंडावर सुनवायची, "गढूळ पाणी आणायलास." पाणी घरात आलं की ती त्यात तुरटी फिरवायची. वाकून बघायची, परत फिरवायची. डाळ तुरट, चहा तुरट. नवरा मलप्पा सगळं मुकाट गिळायचा. बायकोच्या हातच्या जेवणाला नावं ठेवून सुखानं नांदता येतं असं ज्याला वाटतं, त्यानं खुशाल नांदून दाखवावं.

मग शेजारच्या लग्नात कुणीतरी तिला सीलबंद बाटली दिली. तिनं ती उजेडात धरली आणि म्हणाली, "ह्यातबी मातीच हाय." मलप्पाच्या हातातला घास हातातच राहिला. बाटलीतलं पाणी लख्ख नितळ होतं. इतके महिने तो तिचा चिकित्सक स्वभाव म्हणून हसण्यावारी नेत होता, याचा त्याला स्वतःचाच राग आला.

डोळा तरी तिला एकच. दुसरा लहानपणी बाभळीच्या काट्यानं गेलेला. ह्या एकाचा मोतीबिंदू मागे काढून आत भिंग बसवलं होतं. गावाचं म्हणणं, बसवलेलं भिंग कुठं मळतं का? आणि थांबा की थोडं, उदगीर जिल्हा झाला की मोठा दवाखाना दारात येईल. जिल्हा होईल तेव्हा होईल, म्हणत मलप्पानं तिला नांदेडच्या गाडीत बसवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. असं क्वचित होतं, पण भिंगच धुरकट झालंय, म्हणाल्या. ते काढून नवं घालावं लागेल. जुनं आत चिकटून बसलेलं असतं, सोडवताना आहे ती नजरही जाऊ शकते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

केवळाबाई नको म्हणाली. चूल सापडते, उंबरा सापडतो, तेवढं बास. मलप्पानं दिवसभर तिची मनधरणी केली, आणि ती हो म्हणाल्यावर तोच धास्तावला. काही वाईट झालं तर ते आपल्या हट्टापायी होणार, हे त्याला पुरतं कळत होतं.

ऑपरेशनला नेण्याआधी तिनं त्याला खिडकीशी उभं केलं. "हलू नका. बघून घिऊ द्या." त्याच्या तोंडाशी तोंड आणून ती बघत राहिली. चार माणसांत बायको असं बघते म्हणून म्हातारा कानापर्यंत लाजला, पण हलला नाही.

भिंग निघायला फार वेळ लागला. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय दिसतंय? केवळाबाई बोलेना. मलप्पाकडे तोंड करून नुसती बसून राहिली. गेलं, मलप्पाला वाटलं. उरलेला जन्म तिचा हात धरून चालायला त्याची ना नव्हती, पण हे तिच्यावर आपणच आणलं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात ती हळूच डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, ह्यांना आधी बसायला द्या. उभ्याउभ्या रडायलेत."

मलप्पानं गालाला हात लावून पाहिला. गाल ओला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता.