दहावी खुर्ची

मी दहावी खुर्ची बोलतेय. वेताची, पाठीला गोल, हातांना गुळगुळीत. माझ्या आधीच्या नऊ जणी दुकानदार घेऊन गेला. मी विकायची नव्हते. मी देवाची होते.

देवाची म्हणजे काय, हे तुम्हा मुलांना ताईनं नीट सांगितलं असतं. दर रविवारी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत ती हेच शिकवायची. पण ताई आता नाही, म्हणून मला बोलावं लागतंय. मला शिकवता येत नाही. झालं ते सांगते.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत आई, ताई आणि धाकटा भाऊ. ताई खुर्च्या विणायची. धाकट्यानं शाळा अर्ध्यात सोडलेली. तो वेत भिजत घालायचा, सोलायचा, सांगाडे ठोकायचा आणि दिवसभर तोंड चालू ठेवायचा. ताई म्हणायची, याच्या तोंडालाच वेत बांधला पाहिजे.

जे हाताला लागतं त्याचा दहावा भाग देवाचा. त्याला दशमांश म्हणतात. बहुतेक लोक पैसे देतात. ताई खुर्चीच द्यायची. प्रत्येक दहावी खुर्ची प्रार्थनाघराच्या पाळकांकडे जायची, आणि ज्या घरात कुणाला जमिनीवरून उठवत नाही अशा घरी ते ती पोचवायचे.

मी अजून टबातला वेत होते तेव्हाच धाकट्याची नजर माझ्यावर पडली. या वेळचा वेत एकसारखा निघाला होता, मधाच्या रंगाचा. त्याचं म्हणणं पडलं की ही दुकानात द्यावी आणि नववी, जरा डुगडुगते ती, प्रार्थनाघरात.

ताईनं मान वर केली नाही. "दहावी ती दहावी. चांगली निघाली तरी तीच, वाईट निघाली तरी तीच. बदलायची नाही."

"देवाला बसायला खुर्ची लागते का गं?"

"देवाला नाही लागत. ज्याचे गुडघे गेलेत त्याला लागते."

मुलांनाही ती तेच सांगायची. एका रविवारी तिनं सगळ्यांना दहा-दहा वस्तू आणायला लावल्या. कुणी शंख आणले, कुणी बटणं. गालफुग्या एका मुलानं गोट्या आणल्या. ओळीत मांडून मोजल्या तर दहावी नेमकी त्याची निळी गोटी आली. मुलगा रडून लाल. दुसरी घे म्हणाला, दोन घे म्हणाला. ताईनं निळीच घेतली आणि त्याला जवळ बसवून विचारलं, "बाकीच्या नऊ कुणाच्या रे?" तो म्हणाला, माझ्या. ताई म्हणाली, "त्याही तुला मिळालेल्याच ना? कुणीतरी दिल्यात म्हणून तुझ्या आहेत. हे विसरायला होतं. विसरू नये म्हणून एक द्यायची." मुलाला पटलं नाही. तो घरी जाईपर्यंत नाक ओढत होता. हे सगळं धाकट्यानं घरी येऊन नकला करत सांगितलं आणि आईसुद्धा हसली.

मग ताईनं मला विणलं. वेत ओला असताना विणतात. वाळला की तो आक्रसून घट्ट बसतो. तोवर खुर्चीवर कुणी बसायचं नसतं, नाहीतर बसणाऱ्याचा खळगा तसाच राहतो. हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण त्या दुपारी तिच्या अंगात कणकण होती. शेवटची पट्टी खोचली आणि ती माझ्यावर बसून राहिली. पाय जवळ घेऊन, डोळे मिटून. धाकटा म्हणाला, ताई, ओली आहे. ती म्हणाली, "बसू दे रे जरा."

ती उठली तेव्हा माझ्या बैठकीत एक उथळ खळगा पडला होता. रविवारी हिला पोचवू, म्हणाली आणि आत जाऊन निजली.

रविवार तिनं पाहिला नाही. ताप मेंदूत चढला, असं दवाखान्यात सांगितलं. धाकटा औषध आणायला खाली गेला होता, वर येईपर्यंत ती गेलेली. औषधाची पिशवी त्याच्या हातात तशीच होती, घरी आला तरी.

घर माणसांनी भरलं. बसायला जागा नाही म्हणून काका माझ्याकडे वळले. धाकट्यानं मला खालून असं ओढलं की काका पडता पडता वाचले. लोक कुजबुजले. काका म्हणाले, "अरे, खुर्चीच आहे ना ती?" मला उचलून धाकट्यानं भिंतीवरच्या खुंटीला टांगलं.

नंतर रोज तो मला खाली काढायचा, खळग्यावर तळहात ठेवायचा आणि परत टांगायचा. एकदा तो बाकीच्या नऊ जणींना शोधायला निघाला. एकच सापडली, न्हाव्याच्या दुकानात. तिच्यावर एक माणूस पेपर वाचत बसला होता. धाकटा इतका वेळ बघत उभा राहिला की तो माणूस वैतागून म्हणाला, "काय रे, दाढी माझी करायचीय की तुझी?" तिच्यात ताईचं काही दिसत नव्हतं. वाळल्यावर वापरलेली खुर्ची ती, कुणाचीही असावी तशी.

पाळक दोनदा येऊन गेले. खुर्चीचं नावही त्यांनी काढलं नाही. काढलं ते आईनं. "ही आपली नाही रे. तिनं दिलेली आहे."

धाकट्याच्या हातातली सुरी भिंतीवर जाऊन आपटली. "देव दहावा भाग घेतो म्हणतात ना? आम्ही दोघंच होतो. त्यानं अर्धा नेला. आता आणखी काय देऊ?"

आईनं सुरी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मलाही दोघंच होती."

तो खाली बसला. तिच्या पायाशी डोकं टेकून रडला. पण मला त्यानं दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं वेत भिजत घातला आणि स्वतः विणायला घेतलं. पट्ट्या निसटत होत्या, बोटं कापली जात होती. झाली ती खुर्ची एका बाजूला झुकलेली, पण खुर्ची होती. ती खांद्यावर टाकून तो रविवारी प्रार्थनाघरात गेला.

तिथं काय झालं ते त्यानं आईला सांगितलं तेव्हा मला कळलं. मुलं ओळीत बसून होती, शिकवायला कुणी नव्हतं. त्यानं खुर्ची ठेवली आणि सांगितलं, ही दहावी. मुलं चुळबुळली. या वेळची दहावी मधाच्या रंगाची होणार, हे ताईनं त्यांना आधीच सांगितलेलं. गालफुग्या उठला. "बदलता येते का? मग माझी निळी गोटी दे."

मुलगा भांडत नव्हता. त्याला खरंच गोटी हवी होती. धाकटा गोटी कुठून आणणार? ताईनं ती कुणाला दिली, हे विचारायला ताई नव्हती.

"काय सांगितलंस मग त्याला?" आईनं विचारलं.

"बदलता येत नाही म्हणालो." एवढं बोलून तो उठला आणि मला खुंटीवरून काढलं.

पाळकांनी पत्ता दिला तो गावाच्या दुसऱ्या टोकाचा. मला डोक्यावर उलटं घेऊन तो चालला. रस्त्यात एकाही ओट्यावर थांबला नाही. थांबला असता तर परत फिरला असता, हे त्यालाही कळत होतं.

ते घर एका म्हातारीचं होतं. जन्मभर उभं राहून लोकांच्या कपड्यांना इस्त्री केलेली. आता तिला जमिनीवरून उठवत नव्हतं. धाकट्यानं मला खिडकीशी ठेवलं, तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि हळूहळू माझ्यावर बसवलं. बसवताना त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

म्हातारी जड आहे. खळगा रुंद झाला, खोल झाला. आता त्यात ताई कुठली आणि म्हातारी कुठली, मला सांगता येत नाही.

ती मागे रेलली. तिनं मोठा श्वास सोडला. "कुणी विणली रे ही?"

"माझ्या ताईनं."

"तिला म्हणावं, पाठीला अगदी बरोबर लागते."

"सांगतो," धाकटा म्हणाला.

तेव्हापासून मी या खिडकीशी आहे. म्हातारी सकाळी बसते ती ऊन उतरेपर्यंत. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या शर्टांना नावं ठेवते, चुण्या मोजते. मी सुखात आहे म्हटलं तर खोटं होईल. मी उपयोगी आहे.

मुलांनो, दशमांश देणं सोपं असतं, असं मला सांगता येत नाही. ताईलाही ते सोपं होतं की नाही, आता कळायचं नाही. एक मागणं आहे, तेवढं ऐका. त्या दिवशी धाकटा इथून रिकाम्या हातांनी निघाला. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. तो तुम्हाला कुठं दिसला तर त्याला शाबासकी देऊ नका. काही विचारू नका. घरापर्यंत त्याच्यासोबत चला.