डाव्या हाताची कड

मैत्रीनं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही तळवे सात नंबरच्या सर्फबोर्डाच्या शेपटाशी टेकवले. लगेच मागून आवाज आला.

"फ्राउ गजभिये, कृपया. हातमोजे."

फ्राउ वाइडनर पांढऱ्या सुती हातमोज्यांची जोडी पुढे करून उभ्या होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, नियम होता. म्युनिकमधल्या एका जुन्या वस्तीतलं हे तीन खोल्यांचं संग्रहालय त्या एकट्याच चालवायच्या. उद्या संध्याकाळी इथे प्रदर्शन उघडणार होतं. आइसबाखच्या प्रवाहात एक लाट जागच्या जागी उभी असते. तिच्यावर तोल सांभाळणाऱ्यांचे जुने सर्फबोर्ड आणि ते घडवणारी माणसं, असा विषय. अकरा बोर्ड लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले होते. प्रत्येकाशेजारी एक कार्ड. सातव्या कार्डावर होतं: अंदाजे १९९९, घडवणारा अज्ञात.

"हातमोजे घालून ते कळत नाही," मैत्री म्हणाली आणि तिनं हात तिथेच ठेवले.

हा बोर्ड तिनं एप्रिलमध्ये संग्रहालयाच्या पत्रकात पाहिला होता, ऑफिसला जाताना, एस-बान लोकलमध्ये उभ्या उभ्या. बाबांना जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. फोटो अंगठ्याएवढा होता, पण तो शेवाळी रंग तिनं ओळखला. नऊ वर्षांची असताना, बाबा दर शनिवारी जायचे त्या तळघरात स्टुलावर उभी राहून तिनंच तो डब्यात ढवळला होता, आणि बाबा म्हणत होते, हळू, बुडबुडे नकोत. त्या दिवशी ती आपल्या स्टेशनवर उतरायची विसरली.

बाबा, म्हणजे राजानंद गजभिये, नागपूरहून आले ते इथल्या एका संशोधन संस्थेत रेझिनवर काम करायला. क्विरिन लेश्नर नावाचा एक सर्फबोर्ड घडवणारा माणूस एकदा संस्थेच्या दारात येऊन उभा राहिला. माझे बोर्ड दोन उन्हाळ्यांत पिवळे का पडतात, असं त्याला विचारायचं होतं. बाबा बघायला म्हणून त्याच्या तळघरात गेले आणि मग वीस वर्षं दर शनिवारी जात राहिले. आधी नुसतं रेझिन बघायचे. पुढे कधीतरी त्यांनी रंधा हातात घेतला. पाण्यात मात्र ते घोट्याच्या वर कधी उतरले नाहीत.

हे सगळं तिनं फ्राउ वाइडनरना तीन ईमेलमधून कळवलं होतं. तिन्ही वेळा उत्तर तेच, नम्र आणि दोन ओळींचं: नाखवाइस हवा. पुरावा. पत्र, पावती, सही, काहीही. आणि तेच तर नव्हतं. बाबांच्या इथे राहण्याच्या परवान्यावर फक्त संस्थेतली नोकरी लिहिलेली होती. दुसऱ्या कुठल्या कामावर त्यांचं नाव दिसलं असतं तर तो परवानाच धोक्यात आला असता. त्या तळघरातून बाहेर पडणाऱ्या बोर्डांच्या मधल्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं एकच सही असायची, क्विरिनची. हा सातवा तेवढा बिनसहीचा राहिला होता.

आईला हा सगळा खटाटोप पसंत नव्हता. काल जेवताना ती पुन्हा तेच म्हणाली होती, "त्यांनाच नको होतं गं. म्हणायचे, नाव आलं की माणसं वस्तू बघायची थांबतात." बाबांनी हे नागपूरच्या हॉस्टेलमध्ये शिकून घेतलं होतं. तिथे पहिल्या दिवशी नावाआधी आडनाव विचारायचे आणि ते ऐकून झालं की पुढचं काही विचारायचे नाहीत. मैत्रीनं ताटं घासली, पुसली, फडताळात लावली, आणि मग सांगितलं की उद्या सकाळी मी क्विरिनकाकांना घेऊन जाणार आहे.

क्विरिनकाका आता दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. अंगात कोट, गुडघ्यावर टोपी. वय एक्याऐंशी. लहानपणी बाबांनी तिला त्यांना काका म्हणायला शिकवलं होतं आणि ते त्या हाकेला ओ द्यायचे. पण बाबांच्या अंत्यविधीला ते आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि आईला न भेटताच निघून गेले. ते तिच्या मनातून जात नव्हतं.

आज सकाळी त्यांनी दार उघडलं नव्हतं. आतूनच म्हणाले, बरं वाटत नाही, पुढच्या आठवड्यात बघू. मैत्री जिन्यात बसली. तासाभरानं समोरच्या शेजारीणबाई बाहेर आल्या, त्यांनी हिला आपादमस्तक न्याहाळलं आणि क्विरिनच्या दाराशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं की या पोरीकडे डबा आहे, थर्मास आहे, ही तुझ्यापेक्षा जास्त दिवस काढेल. मग दार उघडलं.

"दोन मिलिमीटर," मैत्री आता फ्राउ वाइडनरना सांगत होती. "उजव्या हातानं रंधा धरणारा शेपटाकडे उजवी कड नकळत जास्त उतरवतो. डावखुरा डावी. डोळ्याला दिसत नाही. माझे वडील डावखुरे होते. त्या तळघरात डावखुरे ते एकटेच."

"आणि हे मी कार्डावर कशाच्या आधारे लिहू? तुमच्या तळहाताच्या?"

"माझ्या नाही. त्यांच्या."

दोघींनी खुर्चीकडे पाहिलं. क्विरिनकाका उठले. उठायला त्यांना वेळ लागला, पण मैत्रीनं पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. ते बोर्डापाशी आले. फ्राउ वाइडनरनी हातमोजे पुढे केले आणि परत मागे घेतले. क्विरिनकाकांनी डोळे मिटले आणि दोन्ही कडांवरून तळवे एकाच वेळी मागे आणले, टोकाकडून शेपटाकडे. परत एकदा. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आता नीट उघडत नव्हती, तरी तो हात अडखळला नाही.

"हो," ते म्हणाले. "राजाचा आहे."

तळघरात सगळे बाबांना राजाच म्हणायचे. मैत्रीनं मान खाली घातली. इतके दिवस या क्षणी काय वाटेल याचा तिनं विचार केला होता. प्रत्यक्षात तिला फक्त पाय दुखत असल्याचं जाणवलं.

फ्राउ वाइडनरनी खिशातून पेन काढलं. मग ठीक आहे, त्या म्हणाल्या, लेश्नर स्वतः लेखी देणार असतील तर माझी काही हरकत नाही, नावाचं स्पेलिंग तेवढं इथे लिहा, कार्डं बारा वाजता छापायला जातील. मैत्रीनं एकेक अक्षर सुटं काढत बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. लिहून वर पाहिलं तर क्विरिनकाका तिथे नव्हते.

ते खोलीच्या मधोमध एक नंबरच्या बोर्डापाशी उभे होते. प्रदर्शनाचं भित्तिपत्रक याच बोर्डाचं होतं. फिकट पिवळा, लांब, मधल्या पट्टीवर काचेसारख्या रेझिनखाली पेन्सिलीची सही: क्विरिन, १९९७. याच बोर्डामुळे त्यांना हॅम्बुर्गपर्यंत लोक ओळखत.

"इकडे ये," ते म्हणाले.

ती गेली. त्यांनी तिची मनगटं धरली आणि तिचे तळवे दोन्ही कडांवर ठेवले. मग तिला मागे घेत घेत शेपटापर्यंत आणलं, जसं लहान मुलाला चालवतात तसं. तिच्या उजव्या हाताखाली कड भरलेली होती. डाव्या हाताखाली ती किंचित आत गेली.

तिनं पुन्हा करून पाहिलं. या वेळी एकटीनं.

"सही माझी," क्विरिनकाका म्हणाले. "बोर्ड त्याचा."

फ्राउ वाइडनरचं पेन हवेतच राहिलं.

ते सांगत गेले, हळू, मध्ये मध्ये थांबत. त्या वर्षी लोक आधीच्यासारखाच हवा, म्हणून मागायचे, आणि आधीचाही राजाचाच असायचा. मी त्याला शब्द दिला होता की परवाना पक्का झाला की तुझी सही. परवाना दोन हजार तीन साली पक्का झाला. त्या शनिवारी तो केक घेऊन आला, आम्ही तो तळघरात खाल्ला.

"मी काही बोललो नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, तो विचारेल. त्यानं पेन्सिल उचलली आणि माझ्या हातात दिली. नेहमीसारखी."

मैत्रीला 'त्यांनाच नको होतं' हे आईचं वाक्य आठवलं, आणि त्या वाक्यावर तीसुद्धा किती वर्षं विसंबून राहिली होती तेही. तिनं बोर्डावरचे हात काढले. समोरच्या म्हाताऱ्याच्या कोटाचं वरचं बटण चुकीच्या काजात अडकलं होतं. उद्या संध्याकाळी इथे सगळं शहर त्याला भेटायला येणार होतं.

"काका, मी सातव्यासाठी आले होते," ती म्हणाली. "तेवढं झालं. पुरे."

"पुरे कसं?"

"हा राहू दे तुमच्या नावावर. बाबांनीही राहू दिला होता."

क्विरिनकाकांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळी दार उघडताना दिसलेला थकवा त्यांच्या चेहऱ्यावर आता नव्हता.

"मी म्हातारा आहे, मैत्री. पुढच्या वर्षी हे हात काही सांगू शकणार नाहीत. आणि मग या बाई तुझ्याकडे नाखवाइस मागतील."

एवढं बोलून ते दोन नंबरच्या बोर्डाकडे वळले. तो पालथा ठेवला होता; सही बघायची तर उलटावा लागणार होता. त्यांनी एका टोकाखाली हात घातला, उचलून पाहिला. बोर्ड घोड्यावरून इंचभर सरकला आणि परत बसला.

"मग कार्डं किती बदलायची?" फ्राउ वाइडनरनी विचारलं. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

क्विरिनकाकांनी पुन्हा बोर्डाखाली हात घातला. मैत्री क्षणभर होती तिथेच उभी राहिली. मग वळसा घालून पलीकडे गेली, तिनं बोर्डाचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, "सावकाश, काका. मी उचलते."