दोन मण्यांची विहीर

"ही गोष्ट कुणाला पटणार नाही," दोरवाले आप्पा म्हणाले. "एक शब्द खोटा निघाला, तर दुकानातला सगळा दोर तुमचा."

गिऱ्हाइकं दोराच्या वेटोळ्यांवर ऐसपैस बसली. कोपऱ्यात धाकटा भाऊ ताठ पाय पसरून गाठी सोडवत होता. तिकडे न बघता बोलायची आप्पांना तीस वर्षांची सवय होती.

"कोरडी विहीर साफ करायची होती. काठावर ही गर्दी! एका महाराजांनी डोळे मिटले, दगड सोडला, जपमाळेचे मणी ओढले. एक, दोन, धप्प. म्हणाले, 'धरणी माझ्या कानात बोलते. मण्याला पाच मीटर. विहीर दहा मीटर.' आदल्या दिवशी एका मण्यात टाकीची खोली अचूक सांगितलेली, पाच मीटर. लोकांनी पायच धरले."

"धरणीला मीटर कळतात वाटतं," एक गिऱ्हाईक म्हणालं.

धाकट्याची लेक शाळेत विज्ञान शिकवायची. तिने वही मिटली. "काका, एका मण्याला एक सेकंद लागत असेल, तर टाकी बरोबरच येणार. पण पडणारा दगड एका वेगाने पडत नाही, त्याचा वेग सारखा वाढत जातो. पहिल्या सेकंदात पाच मीटर, दुसऱ्यात पंधरा. वेळ दुप्पट झाली की खोली चौपट. विहीर वीस मीटर होती."

आप्पांनी मनातल्या मनात आकडे मोजले. दुप्पट आणि चौपट. एवढंच कुणी तेव्हा सांगितलं असतं तर.

"दोर किती कापला होता?" तिने विचारलं.

"बारा. दोन मीटर जास्तीचा."

"आणि उतरणारा?"

"दोर संपला तेव्हा अंधारात त्याला कळलं नाही. आठ मीटर खाली गेला. पाय मोडला बिचाऱ्याचा." आप्पा घाईने म्हणाले, "महाराज मात्र तिथून जे पळाले, ते पुन्हा दिसले नाहीत."

"दोराला आधी दगड बांधून सोडायचा होता, काका. तळ लागला की दोर मोजायचा, आणि मग माणूस उतरवायचा. कुणी कितीही डोळे मिटून सांगू दे, एवढं करायला कुणाची आडकाठी होती?"

ती वडिलांच्या पायाकडे बघत राहिली. घरात आजवर शिडीवरून पडल्याचंच सांगितलं जायचं.

धाकट्याने हातातली गाठ खाली ठेवली.

"दादा, दोर वाटायला घे. महाराज कुठले? माळ आईची होती, आणि मणी तू ओढत होतास."