दवाखान्यामागचा खिचडीचा गंज

मी खिचडीचा एक जुना गंज आहे मित्रांनो, आणि मी रागावलो आहे. तुमच्याकडे ज्याला मोठे पातेले म्हणतात, त्याला आम्ही गंज म्हणतो.

रिठद गावच्या धुरपताबाईंनी मला लग्नाच्या पंगतींसाठी घेतले होते. पुढे त्यांचे मालक, म्हणजे यजमान, वाशीमच्या एका दवाखान्यात भरती झाले. तिथे बाईंनी पाहिले, की पेशंटला जेवण मिळते. सोबत आलेला माणूस मात्र पाणी पिऊन आडवा होतो. मालक बरे होऊन घरी आले आणि धुरपताबाईंनी मला ऑटोत चढवले. शेजारची सुकेशनीही निघाली. तेव्हापासून दर गुरुवारी दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली आमची चूल पेटू लागली. शेतात तण काढायच्या, निंदणाच्या दिवसांतही त्या दोघी कामावर खाडा करून येत. माझे बूड काळेकुट्ट झाले. मला त्याचा केवढा अभिमान होता!

मग शहरातले एक सेवा मंडळ आले. अध्यक्ष हरीओम म्हणाला, "काकू, आता आम्हीही सोबत आहोत." बायांना आनंदच झाला. मंडळाने मंडप टाकला, बॅनर लावले. मला घासूनपुसून माझ्या पोटावर मंडळाचे नाव रंगवले. कांदे मात्र या दोघीच चिरत राहिल्या.

एका गुरुवारी मोठे पाहुणे यायचे होते. खिचडी केव्हाच शिजली होती. माणसे उन्हात रांगेत उभी होती. ऊसतोडीहून परतलेल्या कमलीबाईने ताटली पुढे केली. तिची मुलगी निता आत भरती होती.

"पाहुणे आल्याशिवाय वाढायचं नाही," हरीओम म्हणाला. "फोटो व्हायचा आहे."

"साहेब, पोरगी आत एकटी हाय. कालपासून पोटात काही नाही माह्या."

"ताई, मागं व्हा."

कमलीबाई रिकामी ताटली घेऊन परत गेली. माझ्या पोटात गरम खिचडी होती आणि मला हात नव्हते!

हात धुरपताबाईंना होते. त्यांनी माझे झाकण ओढून बाजूला फेकले. "कोणासाठी शिजवून राह्यलो आमी? भूक पाहुण्याले लागली का या लोकायले?"

"काकू, हा मंडळाचा कार्यक्रम आहे."

"मंग कार्यक्रमच खाय तू!"

त्यांनी भराभर वाढले. सुकेशनी भरलेली ताटली घेऊन कमलीबाईकडे धावली. पाहुणे आले तेव्हा मी रिकामा होतो. तरीही हरीओमने माझ्यात पळी घालून हसत फोटो काढलाच.

त्यानंतर मंडळाने मला दवाखान्यालगतच्या आपल्या खोलीत कुलूपबंद केले. पुढच्या गुरुवारी मंडळवाले स्वतःही आले नाहीत. "आज खिचडी नाही का?" असे विचारत माणसे परत जात होती. मला आतून सगळे ऐकू येत होते.

शेवटी धुरपताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माहा गंज दे."

"त्यावर आमचं नाव आहे," हरीओम म्हणाला.

"मंग नाव ठेवून घे. गंज दे."

लोक जमले. हरीओमला कुलूप उघडावे लागले. धुरपताबाईंनी विटेच्या तुकड्याने ते नाव तिथेच खरवडून काढले. माझ्या अंगावर चरे पडले. पडोत!

मित्रांनो, सेवा करायची असेल तर लाकडे फोडा, उष्टी ताटे घासा. फोटो हवा असेल तर सगळे जेवल्यावर काढा. पण तुमच्या नावासाठी भुकेल्या माणसाला ताटकळत ठेवू नका. आज गुरुवार आहे. चूल पेटली आहे, कांदे चिरायचे आहेत. यायचे असेल, तर हात धुऊन या.