झाकणावरची गाठ

पोरींना सोळाव्या वर्षी पंख फुटतात म्हणतात. हुसेन मिस्त्रींच्या रोशनला हात फुटले. तोंड तर तिला जन्मापासूनच होतं, असं तिची अम्मी चाँदबी म्हणायची.

दहावीचं वर्ष. पण शाळा सुटली की रोशन दोन्ही वेण्या वर दुमडून बांधायची आणि घरी न जाता थेट कावळा नाक्याजवळच्या गुलमोहराखाली यायची. तिथं अब्बांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर ताडपत्री, खाली पत्र्याची पेटी, एक स्टूल आणि रॉकेलचं घमेलं. दप्तर स्टुलावर आपटलं की रोशन कामाला लागायची. स्कूटर आली की सीट उचलायची, टाकीचं झाकण उघडून आत काडी बुडवायची आणि पेट्रोल किती आहे ते अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगायचं, हे काम तिचं. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, हेही तिचंच. बाकी सगळं अब्बांच्या कानांचं. हुसेन मिस्त्री गाडीला आधी हात लावत नसत. गिऱ्हाइकाला किक मारायला सांगत, डोळे मिटून ऐकत आणि मग म्हणत, "पॉइंट गेलाय." पॉइंटच गेलेला असायचा.

त्या पावसाळ्यात रस्त्याच्या पलीकडं हंबीररावांचं नवं वर्कशॉप उभं राहत होतं. लांबलचक पत्र्याचं शेड, आत गाडी वर चढवायचे तीन रॅम्प, भिंतीवर पान्यांच्या आकाराचे काळे ठसे, की पाना आपला बरोबर त्याच्या जागी जावा. रोशन ते ठसे बघायला दोनदा जाऊन आली होती. तिथं एक हेडमिस्त्री लागणार होता. शेड सुरू झाल्यावर झाडाखाली कोण गाडी आणणार, हे हुसेन मिस्त्रींना कुणी सांगायला नको होतं. त्या शेडात तरी जायचं, नाहीतर पेटी उचलायची. तिसरा रस्ता नव्हता.

हंबीरराव रोज गडमुडशिंगीहून आपल्या पिस्ता रंगाच्या स्कूटरवर यायचे. ती मधेच बंद पडायची. एक दिवस ती झाडाखाली लावून ते म्हणाले, "मिस्त्री, ही एक म्हैना न थांबता मुडशिंगीला गेली-आली, की शेड तुझं. न्हायतर सांगलीचा एक आकाराम म्हणून पोरगा हाय, आयटीआय केलेला. त्याला बोलवून घेतो."

अब्बांनी किक मारून ऐकलं, प्लग बदलला, पॉइंट घासला. गाडी दोन दिवस चालली आणि परत थांबली. तेव्हा रोशननं काय केलं, तर टाकीतलं थोडं पेट्रोल शाईच्या रिकाम्या दौतीत काढलं आणि दौत उजेडात धरली. तळाला पाणी. पेट्रोलच्या खाली वेगळं, गोल, डोळ्यातल्या बुबुळासारखं हलत होतं.

"अब्बा, पाणी," ती ओरडली, आणि अब्बांनी दौत हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती फिरवली.

आठ दिवस त्यांनी ही गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितली. चहावाल्याला दोनदा सांगितली. माझ्या कानाला ऐकू आलं नाही ते पोरीच्या डोळ्याला दिसलं, म्हणायचे. घरात कितीही तोंड चाललं तरी वर्गात कधी हात वर न करणारी रोशन त्या आठवड्यात विज्ञानाच्या तासाला तीनदा उठून बोलली.

पाणी काढून टाकलं. पण पाणी आलं कुठून? रोशननं त्याचाही छडा लावला. सीटचं रेक्झिन फाटलेलं होतं, पाऊस तिथून झिरपून थेट झाकणावर पडायचा, आणि झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. इथूनच की! तिनं खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक कातरलं, झाकणावरून ओढून घेतलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ते खालून घट्ट बांधलं. दोन गाठी मारल्या. अब्बांनी वाकून बघितलं. "शाबास गं माझी वाघीण," म्हणाले. संध्याकाळी गाडी न्यायला आलेले हंबीररावही हसले. गाडीला खोळ घातलीस व्हय मिस्त्री, म्हणाले.

चार दिवस गाडी सुरेख चालली. पाचव्या दिवशी उचगावच्या पुढं बंद पडली.

इथून पुढचे तीन आठवडे म्हणजे रोशनला कुणी पाठ करायला लावले असते तर तिनं पाठ म्हणून दाखवले असते, इतके ते सारखे होते. सकाळी गाडी एका किकमधे सुरू. कधी दोन दिवस काही तक्रार नाही. मग कधीतरी तीन-चार मैल गेल्यावर ती आचके द्यायची आणि गप्प. हंबीरराव किका मारून घामाघूम. अर्धा तास तशीच उभी ठेवली की सुरू व्हायची, दोन फर्लांग जाऊन परत गप्प. मग ढकलत नाहीतर कुणाच्या तरी टेंपोत घालून झाडाखाली. आणि झाडाखाली आली, रोशननं गाठ सोडली, झाकण उघडून पेट्रोल बघितलं, प्लास्टिक परत बांधलं, अब्बांनी किक मारली, की लगेच सुरू. एका किकमधे. फुरफुरत. जणू काही झालंच नव्हतं.

"तुझ्यापुढं शाण्यासारखी वागती आणि माझ्यापुढं नाचती," हंबीरराव पहिल्यांदा हसत म्हणाले. दुसऱ्यांदा हसले नाहीत.

अब्बांनी कंडेन्सर बदलला. कॉइल बदलली. कार्ब्युरेटर खोलून त्याचं एकएक भोक फुंकून साफ केलं. गाडी परत आली. रोशनला वाटलं, पाणीच असणार, गाठ सैल पडत असेल. म्हणून तिनं पट्टी आणखी ओढली. एकाच्या दोन पट्ट्या केल्या. आणि गाडी आता जास्त वेळा परत यायला लागली.

अब्बा जेवताना बोलेनासे झाले. आधी ते घरात सगळं ऐकत असायचे, नळाला पाणी आलं, स्टोव्हला पिन मारायला हवी, सगळं बसल्या जागी सांगायचे. आता चाँदबी हाक मारायची आणि त्यांना ऐकू यायचं नाही. एकदा ते रोशनला म्हणाले, "तू ऐक बघू, आवाज बरोबर येतोय का?" जन्मात त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं. रोशननं ऐकलं आणि बरोबर येतोय म्हणाली. तिला काय कळत होतं त्यातलं? पण हल्ली ती सगळ्यालाच पटकन उत्तर द्यायची.

मग एका रविवारी त्यांनी ठरवलं, आपणच लांबवर नेऊन बघायची. रोशन मागं बसली. उचगाव ओलांडलं, रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना ऊस. रोशनला इतकं छान वाटत होतं की ती मनातल्या मनात शेडाचं उद्घाटन करून मोकळी झाली. अब्बा नवा शर्ट घालून रॅम्पजवळ उभे, आणि भिंतीवरच्या ठशांवर पाने लावतेय ती स्वतः. तेवढ्यात गाडीनं आचका दिला. आणखी एक. आणि थांबली.

अब्बा उतरले. किक, किक, किक. पावसाची भुरभुर, त्यात त्यांच्या कपाळावरचं पाणी कुठलं ते कळेना. प्लग काढला, बॉडीला टेकवून बघितला, ठिणगी चांगली निळी. रोशन आपलं काम करायला लागली. सीट उचलली, गाठ सोडली, झाकण उघडलं. बाजूनं साखर कारखान्याचा ट्रक खडखडत गेला. तरी तिला बारीक सुस्स् असं काहीतरी ऐकू आलं, ट्रकच्या टायरचं असेल. पेट्रोल अर्धी टाकी होतं. तिनं ते सांगितलं आणि दोन्ही पट्ट्या परत ओढून बांधल्या. अब्बांनी प्लग बसवून किक मारली, गाडी सुरू.

ते हँडल धरून तसेच उभे राहिले. "आता का सुरू झाली?" ते म्हणाले. ते रोशनला विचारत नव्हते. गाडीलाही नाही. परत येताना गाडी आणखी एकदा थांबली आणि नाक्यापर्यंत त्यांनी ती ढकलत आणली. रोशन मागून ढकलत होती. रस्त्यात दोन ओळखीची माणसं भेटली. दोघांनाही अब्बांनी ओळख दिली नाही.

गौरी-गणपती आले तसं सदर बाजारातल्या त्यांच्या गल्लीत पाच घरांनी मिळून शेंगतेलाचा डबा आणला. तो फोडून वाटून घ्यायचं काम दरवर्षी चाँदबी आणि शेजारच्या धोंडुबाईंचं. त्या सकाळी अब्बा धुतलेला शर्ट घालून शेडावर गेले होते. हंबीररावांनी गाडी घेऊन बोलावलं होतं, आकारामही येणार होता. चाँदबीचे हात पिठाचे होते, म्हणून डबा रोशननं घेतला. खिळा ठेवून हातोडी मारली, एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल आलं, धार झाली, मग गचकत गचकत आलं, आणि थांबलं.

डबा तर काठोकाठ भरलेला. रोशननं तो हलवला.

"दुसरं भोक पाड की गं," धोंडुबाई खेकसल्या. "दहावी शिकतीस आन एवढं कळंना? वारं आत गेल्याबिगर त्याल भायेर यील व्हय?"

रोशननं दुसऱ्या कोपऱ्यावर खिळा ठेवला. हातोडी मारली. डबा सुस्स् करून श्वास घेतल्यासारखा वाजला आणि तेलाची धार सुरू झाली, जाड, पिवळी, न तुटणारी.

झाकणावरचं सुईच्या टोकाएवढं भोक. मधोमध. ते पाणी यायला नव्हतंच.

हातोडी तिथंच टाकून ती पळाली. हाताला तेल, पायात चप्पल नाही. मागं धोंडुबाई काहीतरी ओरडल्या. सदर बाजार ते कावळा नाका, रोशन आयुष्यात इतकी कधी पळाली नव्हती. पळताना तिचा सगळा हिशोब सरळ होता. जायचं, गाठ सोडायची, प्लास्टिक फेकायचं, अब्बांच्या कानात सांगायचं. अब्बा म्हणतील, मालक, सापडलं. अजून वेळ होता.

वेळ नव्हता. शेडात पिस्ता रंगाची स्कूटर मधल्या रॅम्पवर होती, सीट वर केलेली. आकाराम म्हणजे अगदी पोरसवदा माणूस, खिशाला पेन. तो गाडी लांबवर नेऊन, ती बंद पडल्यावर सुरू करून परतही आला होता. त्यानं प्लास्टिक दोन बोटांत धरलं होतं. तो काही हसत नव्हता. वेल्डिंगवाले दोघे मात्र हसत होते.

"टाकीला वारंच मिळत नव्हतं," आकाराम सांगत होता. "झाकण उघडलं की वारं जायचं, म्हणून मिस्त्रींकडं आली की सुरू व्हायची. हे बांधलं कुणी?"

अब्बा खाली बघत होते. "मी बांधलं," ते म्हणाले.

हंबीररावांनी त्या प्लास्टिककडं बघितलं. मग म्हणाले, "तीस वर्सं मिस्त्री म्हणवतोस, आन गाडीचा गळा आवळतोस?"

रोशन दारातच होती. विज्ञानाच्या तासाला उठायची तशी ती पुढं झाली, आणि तशाच खणखणीत आवाजात बोलली. "अब्बांनी न्हाय. मी बांधलंय ते. पाणी जाऊ नये म्हणून."

वेल्डिंगवाल्यांचं हसणं थांबलं. तिला वाटलं, झालं. खरं सांगितलं, आता सगळं जागेवर येईल. मग तिनं अब्बांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण ऐकायला मिटायचे तसे नाही.

"म्हंजे," हंबीरराव सावकाश म्हणाले, "माझी गाडी तू पोरीच्या हातात दिलीतीस."

मालक असंच म्हणणार, अब्बांना ते आधीच ठाऊक होतं. म्हणून ते खोटं बोलले होते. चूक एका मिस्त्रीची म्हणून कदाचित पोटात घातली गेली असती. रोशनला हे कळलं, आणि कळलं तेव्हा तिचं तोंड अजून उघडंच होतं.

हंबीरराव रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी शेडाची किल्ली खिशातून काढली आणि आकारामच्या हातावर ठेवली. आकाराम ओशाळला. ते प्लास्टिक कुठं टाकावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते अब्बांना दिलं.

दोघं रस्ता ओलांडून झाडाखाली आले. अब्बा पेटीवर बसले. रोशन रडत होती, नाकातोंडातून, लहान पोरासारखी. भोकाचं मला माहीत नव्हतं, मला कसं माहीत असणार, असं काहीतरी ती म्हणत राहिली.

"मला म्हाईत हुतं," अब्बा म्हणाले.

तिनं नाक पुसून वर बघितलं.

"ते भोक कशाला असतंय ते तीस वर्सं म्हाईत हाय मला. रोज झाकणाकडं बघत हुतो. तुझी गाठ दिसायची. भोक न्हाय दिसायचं."

त्यांनी प्लास्टिक गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केलं, चार घड्या घातल्या आणि पेटीत, पान्यांच्या खाली, सारून दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रोशन आली. घरी जाता आलं असतं, पण पाय तिकडंच वळले. पलीकडं शेडाच्या दाराला आंब्याचं तोरण बांधत होते. झाडाखाली फक्त एक गाडी आली, एका दूधवाल्याची जुनी स्कूटर. अब्बा रॉकेलमधे काहीतरी धूत होते. मान वर न करता, रोजच्या सवयीनं ते म्हणाले, "रोशन, पेट्रोल बघ..."

आणि थांबले. रोशन स्टुलापाशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागं धरून. अब्बांनी हात पुसले, उठले, आणि सीट स्वतःच उचलली.