पंधरापैकी सात

"मेलेल्या माणसालाही तीन मार्क पडतात का हो?" हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि हल्ली मुख्याध्यापकांनाही न घाबरणाऱ्या तिनं ते विचारूनही टाकलं — आयसीयूतल्या सिस्टरच्या हातातल्या पेनाएवढ्या टॉर्चकडे बघत, ज्याचा उजेड आत्ताच बेशुद्ध दादाच्या पापण्यांखाली जाऊन आला होता.

"पडतात," सिस्टर म्हणाल्या. "शुद्ध किती आहे ते मोजायचे मार्क हे. डोळे, बोलणं, हालचाल — प्रत्येकाला एक तरी द्यावाच लागतो. शून्य नाहीच यात."

"आणि दादाला?"

"पंधरापैकी सात."

सात... म्हणजे फुकटचे तीन वजा केले तर चार. बाईकवरून पडायच्या आदल्या दिवशी हाच म्हणाला होता, गणितात पस्तीस? अगं, एवढे तर झोपूनसुद्धा मिळतात! — आणि ती चिडून जे बोलली ते... नको, ते आत्ता नको.

पण आईचा हात तो घट्ट धरतो! ओळखलं हो मला, सोडेचना, असं आई रोज बाहेर येऊन सांगते. त्या एका वाक्यावर जेवते, त्यावरच डोळा मिटते.

"हात धरतो त्याचे मार्क कुठायत?" तिनं ठणकावून विचारलं.

सिस्टरनी आवाज खाली आणला. "तळहाताला काही लागलं की बोटं आपोआप मिटतात गं, तान्ह्या बाळासारखी. म्हणून आम्ही आधी 'धर' म्हणतो, मग 'सोड'. सोडलं, तर ऐकलं. अजून सोडलेलं नाही."

तिनं आपली बोटं त्याच्या हातात सरकवली. हात लगेच मिटला. ऊबदार, घट्ट, अगदी दादाचा — आणि लहानपणापासून वेणी ओढली म्हणून, रिमोट हिसकावला म्हणून हजारदा किंचाळलेला 'सोड' आज तिनं म्हटलाच नाही. कारण म्हटला आणि तो नाही हलला, तर मग मी कुणाचा हात धरून उभी आहे?... तिनं एकेक बोट उलगडून हात सोडवला.

बाहेर आई वाटच बघत होती. "तुझापण धरला ना गं?"

"धरला."

"बघा! मी म्हणत नव्हते?"

बाबा आईची नजर चुकवून चहाचा कप हातात फिरवत राहिले. म्हणजे बाबांना माहीत आहे... कधीपासून?

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका बारीक निघू शकतो हे तिला नवीनच होतं. "संध्याकाळच्या भेटीत त्याला 'सोड' म्हणायचं. आई, तू म्हण. तुझ्यानं नाही झालं, तर मी म्हणणार आहे."